फ्रिजच्या पुण्याईनं गोवा

क्रेडिट कार्ड आमच्या घरात आलं ते टाय घातलेल्या एका मुलामुळं. मी तेव्हा मंचरला एका दूधसंस्थेच्या कचेरीत नोकरीला होतो आणि वारूळवाडीहून रोज जाऊन-येऊन करायचो. उन्हाळ्याची दुपार, वीज गेलेली, आणि हा मुलगा गळ्यापर्यंत बटण लावून, घाम पुसत माझ्यासमोर बसला. त्याला पाणी दिलं, मग चहा दिला. एवढा पाहुणचार केल्यावर त्याला नाही म्हणणं मला जमेना. सही करून मोकळा झालो.

कार्डाबरोबर एक रंगीत कागद आला. पहिल्या तीन महिन्यांत ठरलेल्या रकमेची खरेदी कार्डावर केली, तर बक्षीस म्हणून गोव्याची विमानाची दोन तिकिटं, जाऊन-येऊन, वर हॉटेलात मुक्काम. बायकोनं तो कागद दोनदा वाचला. लग्नानंतर आम्ही फिरायला म्हणून गेलो होतो ते लेण्याद्रीला, आणि तेही माझी आई, बहीण आणि बहिणीची सगळी पोरं सोबत घेऊन.

"अहो, खरंच फुकट नेतात?" तिनं विचारलं.

"लिहिलंय तर तसंच."

"मग घ्या की काहीतरी!"

घोडं तिथंच अडलं. घ्यायचं कुठं? शेजारच्या नारायणगावात तेव्हा सगळा कारभार रोखीचा. किराणा दुकानदाराला कार्ड दिलं, तर त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "यावर तुमचा फोटू न्हाई वं?" त्याला ते मतदानाचं ओळखपत्र वाटलं. खूप हिंडल्यावर समजलं की कार्ड घासायचं मशीन दोनच ठिकाणी आहे: हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर आणि टीव्ही-फ्रिजच्या एका दुकानात. टीव्ही आमच्याकडं होता, फ्रिज परवडत नव्हता आणि स्कूटर पेट्रोल तरी किती पिणार?

युक्ती बायकोनं काढली. "दुसऱ्यांच्या गाड्यांत भरा ना. त्यांनी रोख पैसे तुम्हाला द्यायचे, तुम्ही कार्ड घासायचं."

मग मी रविवारी पंपावर उभा राहू लागलो. "भाऊ, पैसे माझ्याकडं द्या," असं म्हटलं की माणूस आधी पाकीट घट्ट धरायचा. "का वं, पंप तुमी इकत घेतला का?" असं एकानं विचारलं. अनोळखी लोकांचा नाद सोडला आणि भावकीला, मित्रांना, शेजाऱ्यांना निरोप धाडले. ते मात्र आले. मोटारसायकली आल्या, टोमॅटोच्या क्रेट भरलेले टेम्पो आले, ट्रॅक्टर आले. पण मशीन पंपमालकाच्या फोनच्या तारेवर चालायचं आणि रविवारी सकाळी त्याच्या लेकीचा सासरहून फोन यायचा. तिचं सासूपुराण संपेपर्यंत आमचं कार्ड काही लागायचं नाही. रांग थेट रस्त्यापर्यंत जायची. मागून कुणीतरी ओरडायचं, "राव, काय झालं?" आणि पंपावरचा माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "ताईंची सासू अजून चालू हाय."

गावात गोष्ट फिरता फिरता वाढली. एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "इमानाला लागनारं सगळं पेट्रोल तूच भरनार व्हय रं?"

इतकं करूनही शेवटच्या आठवड्यात बरीच रक्कम कमी पडत होती. तेवढ्यात समजलं, की राजुरीची माझी चुलती लेकीच्या लग्नासाठी फ्रिज घेणार आहे. तिला आम्ही काकी म्हणतो. अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून. मी त्याच संध्याकाळी राजुरी गाठली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दुकानात गेलो.

काकीनं सगळ्या फ्रिजांची दारं उघडून पाहिली. एकात तर डोकं घालून ती बराच वेळ तशीच उभी राहिली, कारण बाहेर ऊन मरणाचं होतं. शेवटी दोनशे लिटरचा लाल फ्रिज ठरला. तिनं पैशांचं पुडकं माझ्या हातात दिलं, मी कार्ड पुढं केलं, मशीनमधून कागद सरकत आला.

"घासलं आन झालं?" काकी म्हणाली. "पर पैसं तर मी दिलं. मग ह्याला कशाला मधी घातलं?"

खोटं बोलायला सुचलं नाही, म्हणून विमानाचं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दुकानातला पंखा थांबावा अशा आवाजात म्हणाली, "म्हंजी फ्रिज माजा, आन इमानात बसनार तू?"

तिकिटांचा निरोप आला तोवर हा प्रश्न सगळ्या भावकीत गेला होता. माझ्या एका मित्राचं म्हणणं, सगळ्यात जास्त डिझेल त्याच्या टेम्पोत गेलं, तेव्हा मान त्याचा. दुसरा म्हणाला, परत येताना तरी मला बसवा. कागद पुन्हा वाचला तेव्हा कळलं, की एक तिकीट कार्डवाल्याच्याच नावावर पाहिजे. राहिलं एक. मी बायकोकडं पाहिलं.

"काकींना न्या," ती म्हणाली.

मला गहिवरून आलं. केवढं मन! मी तिची समजूत घालायला लागलो, तर तिनं मला गप्प केलं. "मन कसलं आलंय! जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी मला उलटी होते. आकाशात कोण जाईल? तुम्ही जा, मी तेवढे दिवस माहेरी निवांत झोपते."

काकांना विचारलं, तर ते गोठ्यातूनच म्हणाले, "घिऊन जा." किती दिवस, कधी परत, काही नाही. काका मुळातच फार बोलत नाहीत.

यष्टीनं शिवाजीनगर, तिथून रिक्षानं लोहगाव. काकीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले होते. तपासणीत तिच्या पिशवीतून अडकित्ता निघाला. वर्दीतली बाई म्हणाली, हा विमानात नेता येणार नाही.

"सुपारी काय दातानं फोडू?" काकीनं विचारलं.

"मावशी, धारदार वस्तू चालत नाही."

"अगं, मला इमान कापायचंय का सुपारी?"

शेवटी मी धावत मागं गेलो, हातापाया पडून तो मोठ्या बॅगेत टाकवला आणि धापा टाकत परत आलो. तोवर काकीची आणि त्या बाईची ओळख झाली होती. बाई निघाली आमच्या शेजारच्या खेडची. ती लाडू खात होती.

विमान उडालं तेव्हा काकीनं माझं मनगट असं धरलं की गोव्यापर्यंत बोटांत मुंग्या होत्या. जरा वेळानं डोळे उघडून तिनं खिडकीला नाक लावलं.

"राजुरी दिसंना."

"काकी, राजुरी मागं राहिली. आपण उलट्या बाजूला चाललोय."

"मग त्याला म्हनावं, जरा वळसा घे. फुकट तर हाय."

हवाई सुंदरी खाण्याच्या पदार्थांची गाडी घेऊन आली. काकीनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि भाकरीचा अर्धा भाग पुढं केला. "लई वाळलीस गं पोरी. जेवलीस का?" ती पोरगी हसली आणि चक्क चतकोर घेऊन गेली. ठेचा तिला मी देऊ दिला नाही, कारण विमान तिच्या भरवशावर होतं.

खरा घोटाळा हॉटेलात झाला. काउंटरवरचा तरुण आमच्या मागं कुणीतरी शोधत राहिला. मग त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "सर, मॅडम?" मी काकीकडं बोट केलं. त्यानं चावी पुढं सरकवली. खोली उघडली तर पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या, मधोमध टॉवेलाचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले, आणि टेबलावर बदामाच्या आकाराचा केक. हॉटेलातला मुक्काम नव्या जोडप्यांसाठीचा होता. बारीक अक्षरं मी वाचलीच नव्हती.

"अगं बाई, टावेलाची बदकं!" काकी म्हणाली. "आता आंग कशानं पुसायचं?" मग केककडं वळली. "ह्याच्यावर काय लिवलंय?"

इंग्रजीत 'हॅपी हनिमून' लिहिलं होतं. मी म्हणालो, "गोव्यात आपलं स्वागत असो."

"लई मानाची मानसं!" ती खूश झाली आणि तिनं वेटरला बोलावून केक हातात धरून फोटो काढायला लावला. मी शेजारी कसाबसा उभा. रात्री मी गादी ओढून गॅलरीत झोपलो.

समुद्रावर तिचं मत फारसं बरं नव्हतं. वाळू मुठीत घेऊन म्हणाली, "ह्यात काय पिकत न्हाई, म्हनून लोक नुसतीच लोळत्यात."

परत आल्यावर तिनं तो फोटो मोठा करून घेतला आणि राजुरीच्या घरात दारासमोरच लावला. येणारा-जाणारा बघायचा, काकी विमान सांगायची. लग्न झालं, लाल फ्रिज लेकीबरोबर सासरी गेला. दिवाळसणाला नवे जावई आले. ते शाळेत इंग्रजी शिकवतात. मीही जेवायला होतो. जावयांनी हात धुतले, फोटोसमोर उभे राहिले आणि सवयीनं केकवरचं इंग्रजी मोठ्यानं वाचलं.

मी मान ताटात घातली. काकीनं लेकीला विचारलं, "म्हंजी काय गं?" लेकीनं तिच्या कानात सांगितलं. काकीनं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, आणि पदर तोंडावर धरून अशी हसायला लागली की ताटं वाजली. सगळे हसून दमले तेव्हा कोपऱ्यातून काका त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"मला न्हाई नेलं कधी हनिमूनला."

काकीनं डोळे पुसले आणि काकांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

कांदे निघाल्यावर दोघं खरंच गोव्याला गेली. यष्टीनं, स्वतःच्या खर्चानं. काकांना उंचावर जायचं नव्हतं. आठवडाभरानं मी भेटायला गेलो तर काका अंगणात काजूची दोन रोपं लावत होते. "कसा होता गोवा?" मी विचारलं. त्यांनी रोपाला माती लोटली आणि म्हणाले, "ब्येस. पर ही आपल्या मातीत येतील का, त्येचा घोर हाय."

एक आलं. दुसरं शेळीनं खाल्लं.