बिल्ला आणि बारकं कुलूप

मिल बंद पडली तरी बाबांची ड्यूटी काही बंद पडली नाही. सकाळी आंघोळ, चहा, हातात डबा, आणि इंदूरच्या छत्रीबागेतून सायकलवर थेट मिलचं गेट. तिथे कडुनिंबाखाली त्यांच्यासारखेच काही जण दिवसभर बसून असत. मिल चालू होणार अशी बातमी दर आठवड्याला कोणीतरी आणायचं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत ती शिळी व्हायची. रविवारी मात्र बाबा घरी असत, कारण रविवार ही मिलची साप्ताहिक सुट्टी. बंद मिलची सुट्टी पाळणारी माणसं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. यावर हसावं की रडावं हे मला कळत नसे. मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवायचे, घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा, आणि हसायचा-रडायचा दोन्हींचा मला कंटाळा आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आई म्हणाली, "यांना कुठेतरी घेऊन जा गं. बसून बसून हे त्या गेटाचा खांब होतील."

मी ओंकारेश्वर म्हटलं. बाबा म्हणाले, जायचं तर सायकलनेच. जवानीत मिलच्या दोस्तांबरोबर ते असेच जायचे. मी नाही म्हणेन असा त्यांचा हिशेब असावा. मी हो म्हटलं. मग अडचण निघाली ती सोमवारची. रविवारी पोचलो तरी परतायला सोमवार लागणार.

"आणि सोमवारीच गेट उघडलं तर?" बाबा म्हणाले.

"तर मंगळवारी आत जाल."

"तसं नसतं, बेटा. पहिल्या दिवशी जो हजर नसेल, त्याला कोण पूछणार?"

हे ते अगदी मनापासून म्हणाले. शेवटी शनिवारी त्यांनी गेटवरच्या चौकीदाराला जाऊन सांगितलं, "सोमवार को छुट्टी पे हूँ." तो म्हणाला, ठीक है. बंद मिलची रजा मंजूर झाली आणि आम्ही सामान काढायला बसलो.

त्यावरून आमची जुंपली. बाबांनी सतरंजी, पितळी तांब्या, छत्री, पाने-पक्कड, पंप आणि वर वातींचा स्टोव्ह असा ढीग मांडला. मी एकेक वस्तू हातात तोलून बाजूला काढत होते. परतताना अख्खा घाट चढायचा होता.

"बाबा, आपण ओंकारेश्वरला चाललोय, बिऱ्हाड हलवत नाही आहोत."

पंप आणि एक पाना राहिला. तांब्या गेला, स्टोव्ह गेला. सतरंजीसाठी ते बराच वेळ भांडले, मग तीही गेली. आईने मिलच्या जाड ड्रिल कापडाची एक थैली शिवली होती, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी. शिवण इतकी सुबक की बघत राहावं, पण रिकामीच उचलली तर हात खाली यायचा. मी राजवाड्याजवळून नायलॉनची तशीच थैली आणली. घडी करून पर्समध्ये मावेल एवढी ती हलकी होती. बाबा मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे लूम चालवायचे. त्यांनी ते कापड दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं, पुन्हा चोळलं.

"मजबूत आहे," ते म्हणाले. "भिजलं तरी झटकलं की वाळणार. मग आमचं कापड कोण घेईल, सांग."

मी नायलॉनचीच थैली घेतली. आईने आपली थैली फडताळात ठेवली, आणि मला वाईट वाटलं तरी घाट काही सपाट होणार नव्हता.

राहिलं कुलूप. माझ्या लेडीज सायकलला मागच्या चाकाचं गोल कुलूप होतं. बाबांच्या सायकलला काहीच नव्हतं. दुकानदाराने आधी साखळी आणि भलंमोठं कुलूप पुढे ठेवलं. "मैडम, इससे तो हाथी बाँध लो." हत्ती बांधायचा नव्हता आणि ते वजन वाहायचंही नव्हतं. मग त्याने प्लॅस्टिकच्या आवरणातली एक बारीक तार काढली, टोकाला अंगठ्याएवढं कुलूप. "नया माल है. शरीफ चोर तो इसी से रुक जाएगा." निदान शरीफ चोरापुरती सोय झाली म्हणून मी तेच घेतलं.

बाबांनी ते बोटावर लटकवून पाहिलं. "हे कुलूप आहे की पायजम्याची नाडी? आणि पाहिजे कशाला? मी सायकलला आजपर्यंत कुलूप लावलेलं नाही."

ते खरंच होतं. बाबांची सायकल घरी असली तर ओट्यावर आणि बाहेर असली तर मिलच्या स्टँडवर. गेटाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये स्टँड होता. स्टँडवाल्याच्या डोक्यावर एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ल्यांच्या जोड्या. जोडीतला एक बिल्ला तो सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि दुसरा मालकाच्या हातात द्यायचा. सुटताना दोन्ही परत घेऊन खिळ्याला टांगायचा. कुलुपाचं नावही कोणी काढत नसे. ज्या दिवशी मिल बंद झाली आणि चालू पाळीतूनच सगळ्यांना बाहेर काढलं, त्या गोंधळात बिल्ले परत घ्यायला स्टँडवाला जागेवर नव्हता. तेव्हापासून स्टँड बंद, सायकल दिवसभर कडुनिंबापाशी, आणि बाबांचा एक बिल्ला हँडलवर आणि दुसरा सदऱ्याच्या खिशात होता.

रविवारी उजाडताच निघालो. सिमरोलला चहा घेतला. त्यानंतर उतार लागला तसे बाबा सुसाट पुढे गेले. त्यांची पाठ इतकी सरळ मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मला बरं वाटलं. दुपार कलताना ओंकारेश्वरला पोचलो तेव्हा माझे पाय लाकडासारखे झाले होते. बाबांनी एका दुकानाशेजारी सायकल लावली, खिशावर हात ठेवून चाचपलं आणि चालू लागले.

"बाबा, कुलूप!"

"अगं, बिल्ला आहे ना," ते म्हणाले. सहज, वळूनसुद्धा न बघता.

दोन पावलं गेले आणि थांबले. मी दमलेली, भुकेलेली, माझं डोकं फिरलं. "बाबा, इथे कुठे स्टँडवाला बसलाय? तुमची सायकल इथे ओळखतो कोण?" ते परत आले, माझ्या हातातून ती तार घेतली आणि चाकातून ओवायला लागले. त्यांना ते जमेना. तार सारखी निसटत होती. दिवसभर तुटलेले धागे जोडणारे हात ते. शेवटी मी खाली बसून कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

सोमवारी सकाळी नर्मदेत कमरेपर्यंत उभे असताना त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "पहिली पाळी सुरू झाली असेल आता," ते म्हणाले.

परतताना घाटात सायकली ढकलत चढलो. ट्रकवाले भोंगे वाजवत जात होते. बोलायला दमच नव्हता. इंदूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मी घराकडे वळले, बाबा वळले नाहीत. मला त्यांच्यामागे गेटवर जावं लागलं. मंडळी उठायच्या बेतात होती.

"कुछ हुआ?" बाबांनी सायकलवरूनच विचारलं.

"क्या होना है, भिया," एक जण म्हणाला.

"मैं छुट्टी पे था आज."

"अच्छा?" तो माणूस चप्पल शोधत म्हणाला. "हमको लगा उधर पीछे बैठे होंगे."

बाबांनी मान हलवली. तिथून घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले. मला त्या माणसाचा राग आला, मिलचा आला, माझ्या ओंकारेश्वरचाही आला.

मंगळवारी माझी शाळा उघडणार होती. सकाळी मी थैली झटकत होते, तेव्हा बाबा डबा घेऊन दारात उभे राहिले. "ते नाडीवालं कुलूप कुठे आहे?" मी काढून दिलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि गेले.

शाळेत जाताना मी मुद्दाम मिलवरून गेले. बाबा कडुनिंबाखाली आपल्या जागेवर होते, त्यांनी मला पाहिलं नाही. सायकल मात्र झाडापाशी नव्हती. ती स्टँडच्या मोडक्या शेडमध्ये, तिच्या जुन्या जागी उभी होती. तार चाकातून आणि खांबाभोवती नीट ओवलेली, कुलूप बंद. हँडलवर बिल्ला नव्हता. मी वर पाहिलं. फळीवर धूळ बसली होती, सगळे खिळे रिकामे होते, फक्त एका खिळ्याला पितळी बिल्ल्यांची जोडी टांगलेली होती.

बाबांनी बिल्ले परत केले होते. मी तिथेच सायकल धरून उभी राहिले आणि त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले.