देवासाठी गावची

शाळेच्या दारावर चिकटवलेला तो कागद गावात पहिल्यांदा मीच वाचला. मुलीला सोडायला रोज सकाळी मी त्या दारात उभी असायचे. कंत्राटी शिक्षिका, अकरा महिने, मानधनावर. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, स्थानिक उमेदवारास प्राधान्य. वाचून मला आनंद झाला. एवढी मूर्ख मी होते, हे आधीच सांगून टाकते.

आनंदाला कारणं होती. डी.एड. होऊन मला पंधरा वर्षं झाली होती. त्या गावात आम्ही अकरा वर्षं राहत होतो. नवऱ्याचं तिठ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि देवळामागे दोन खोल्यांची भाड्याची जागा. आदल्या वर्षी शाळेतल्या बाई बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, तेव्हा पहिली-दुसरीची पोरं चार महिने मी फुकट सांभाळली होती. रस्त्यात लोक मला ‘बाईनू’ म्हणून हाक मारायला लागले होते. शिवाय पुढच्या वर्षी माझं वय अर्जाच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. ही नोकरी मिळाली तर मी शिक्षिका, नाहीतर जन्मभर मोबाइलची कव्हरं विकणारी बाई. दुकानात बसायचा मला मनापासून तिटकारा आहे.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. डी.एड. झाल्या झाल्या जिल्ह्याच्या कचेरीसमोर आम्ही बेकार पोरापोरींनी धरणं धरलं होतं, तेव्हा ‘आधी स्थानिक’ म्हणून घसा फोडणाऱ्यांत मी पुढे होते. घाटावरची मुलं येतात, नोकरी घेतात आणि दोन वर्षांत बदली करून जातात, याचा आम्हाला राग होता. तो राग अजून आहे. स्थानिक म्हणजे आपल्या जिल्ह्यातला, एवढंच आमच्या डोक्यात होतं. गोष्ट जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून गावावर आणि गावावरून घराच्या जोत्यावर येईल, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे मानकरी. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, भांडणं तेच मिटवतात, ग्रामसभेत शेवटी तेच बोलतात. साठीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड. त्या गोडपणावर माझा तेव्हापासून विश्वास उडाला आहे. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी नियम शुद्ध मराठीत वाचून दाखवला, कागद घडी करून खिशात घातला आणि मालवणीवर आले.

“बाईनू, तुमचां घर खंय?”

“हंयच. अकरा वर्सां.”

“तां भाड्याचां. मूळ घर खंय?”

मी सासरच्या गावाचं नाव सांगितलं. एसटीने पाऊण तासाचा रस्ता, कुडाळच्या अलीकडे. समितीतल्या एकाने अशी मान हलवली, की जणू मी नेपाळहून आंब्याच्या बागेची राखण करायला आले आहे.

दुसरी उमेदवार गावातल्या मानाच्या घरातली सून होती. राहायला कुडाळला, फ्लॅटमध्ये. गावातलं घर गणपतीला आणि जत्रेला उघडायचं, एरवी बंद. पोरगी वाईट नव्हती. बाकावर माझ्या शेजारी बसली होती आणि माझ्याशी हसून बोलली. मला तेही आवडलं नाही. मी उभी राहून म्हटलं की हिच्या घराला अकरा महिने कुलूप असतं, ती स्थानिक कशी?

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “कुलूप आसलां तरी घर आसा मा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते यात काही चूक नव्हतीच. “वायट वाटान घेव नकात,” अध्यक्ष मला म्हणाले, “आमच्याच घराण्यातल्या सुनेक आमी नाय कसा म्हणतलव?” मी वाईट वाटून घेतलं. घरी आले आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले. नवी बाई स्कूटरवरून यायला लागली. मुलगी तिसरीत होती, घरी येऊन बाईंनी काय काय शिकवलं ते कौतुकाने सांगायची. मी ऐकल्यासारखं करायचे.

देवदिवाळी झाली आणि देवाने गावपळणीला कौल दिला. आमच्याकडे काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांतून एकदा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. बाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. त्यात जातधर्म पाहत नाहीत, घरमालक-भाडेकरू पाहत नाहीत. मागे कोणीच उरायचं नाही. आधीच्या दोन पळणींना मी हौसेने गेले होते. पहिल्या वेळी ही मुलगी माझ्या पोटात होती.

या वेळी मी जाणार नाही असं सांगितलं. बातमी तासाभरात देवळापर्यंत पोचली आणि अध्यक्ष दोन माणसं घेऊन आमच्या दारात आले.

“सोमवारी ढोल वाजले काय भायर पडाक व्हया, बाईनू.”

“गावातल्यांनी पडूचां. मी गावातली नाय. माझां मूळ घर दुसरीकडे आसा.”

ते हसले. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. “असा बोला नकात. एक जरी मागे रवलो तरी पळण मोडता. तुमी गावातलेच मा.”

“मगे त्या दिवशी मी खंयची होतंय?”

“तां सरकारचां काम. ह्यां देवाचां. तेका नि हेका जोडू नकात.”

हे ते थापा मारायला बोलत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि माझं टाळकं फिरलं ते त्यामुळेच. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मी म्हटलं, बरं, मग लिहून द्या, मी या गावची रहिवासी आहे म्हणून. सही-शिक्क्यानिशी.

“देवाच्या कामात कागद कसलो?” असं म्हणून ते पायऱ्या उतरले. बरोबरची दोन माणसं माझ्याकडे भुताकडे बघावं तशी बघत गेली.

संध्याकाळी घरमालकाचा निरोप आला. बाहेर पडणार नसाल तर जागा रिकामी करा. नवऱ्याने स्टोव्ह पोत्यात भरला. मुलीने आमची कोंबडी आधीच टोपलीत घालून ठेवली होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. मी अकरा वर्षं राहिले होते आणि माझ्या बाजूने एक माणूस उभा नव्हता. सोमवारी ढोल वाजले आणि मी गेले. मान खाली घालून गेले, हेही लिहिते.

पळणीत शाळा बंद नसते, तीही वेशीबाहेर भरते. ओहोळापलीकडे काजूच्या झाडांखाली मुख्याध्यापकांनी वरचे वर्ग बसवले. पहिली ते तिसरीची मुलं बाजूला दुसऱ्या झाडाखाली बसली, पण त्यांना शिकवायला कोणी नव्हतं. नव्या बाईंचा कुडाळहून निरोप आला होता, मुलाला ताप आहे. खराही असेल. मी आमच्या झोपडीसमोर भांडी घासत होते, तेव्हा अध्यक्ष आले.

“बाईनू, तीन दिवस वायच पोरांका बघा. तुमी काय, घरचेच.”

“घरची म्हणान फुकट? ऑर्डर आणा, आत्ता शिकवतंय.”

“माझ्यावर राग काढा,” ते म्हणाले. “पोरांवर काढू नकात.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खरं बोलणं होतं, आणि म्हणूनच मी ते ऐकलं नाही. पाठ फिरवली आणि टोप घासायला घेतला. अध्यक्ष गेले. पोरं झाडाखाली थोडा वेळ बसली, मग उठली, मग ओरडत पळायला लागली. चार महिने मीच त्यांना बसायला शिकवलं होतं. मुख्याध्यापक लांबून दोनदा ओरडले आणि आपल्या वर्गांकडे वळले.

त्या गोंधळातून माझी मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिच्या बोटाला शाई लागली होती.

“आई, ह्या गणितात हातचो खंय लिवचो?”

“तुझ्या बाईंका इचार,” मी म्हटलं.

तिने त्या झाडाकडे पाहिलं. तिथे तिची बाई नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. ती वही धरून तशीच उभी राहिली, आणि मी वर न बघता टोप घासत राहिले.