खडीवरची रेडिओमाय

रेडिओमायनं एकही गोष्ट एका दिवसात पुरी केली नाही. मुकादमाच्या शिट्टीची वेळ झाली, की तिची गोष्ट नेमकी अशा जागी येऊन थांबायची, की ऐकणारीला रात्री घास गोड लागू नये. बहात्तरच्या दुष्काळात भूम गावाकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि आम्ही बायका उन्हात खडी फोडत होतो. "म्होरं काय झालं, माय?" असं कुणी विचारलं, की ती हातोडी पाटीत टाकून उठायची. "उद्या कामावर या, मंग सांगती." अंगात ताप असलेली बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी यायची.

तिचं नाव सुभद्रा. नवरा मागंच गेलेला. एकच मुलगा गौतम, लग्नाच्या वयाचा. आमच्या बौद्ध वस्तीतलं तिचं घर सोसायटीच्या कचेरीला मागच्या बाजूनं लागून होतं. सोसायटीत त्या साली ना खत होतं, ना बियाणं. होता तो एक रेडिओ. सेक्रेटरी संध्याकाळी तो मोठ्यानं लावायचे. आत येऊन बसा, असं आमच्या वस्तीला कुणी म्हणत नसे. माय बाहेर भिंतीला पाठ लावून बसायची आणि रहस्याचं नाटक शब्दन् शब्द ऐकायची.

सांगायची तेव्हा नुसतं तोंड चालत नसे. खुनी जिना चढू लागला, की तिची हातोडी दगडावर हळू पडायची. टक्. टक्. मग एकदम थांबायची. पुढचा ठोका पडेपर्यंत आमच्या हातातल्या हातोड्याही वरच्या वर राहायच्या.

खुनी कोण, हे मात्र ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. मी एकदा म्हटलं, "आदीच सांगितल्यावर मजा काय ऱ्हायली, माय?"

"आगं, लपवून ठिवलं तर ते निस्तं कोडं. आपल्याला ठावं आन तिला न्हाय, मंग बग जीव कसा खालवर व्हतो."

त्या दिवसांत एका विधवेचं नाटक चाललं होतं. बंगल्यात एकटी राहणारी बाई. खुनी सुटल्याची बातमी येते, ती घाबरून फौजदाराला बोलावणं धाडते. फौजदार वाटेतच मारला जातो आणि त्याचे कपडे घालून खुनीच दारात उभा राहतो. बाई त्याला चहा विचारते आणि वर त्यालाच म्हणते, "दार आतून नीट लावून घ्या हं. मला फार भीती वाटते." एवढं ऐकलं आणि आम्ही सगळ्या ओरडलो, "आगं, त्योच हाय त्यो!" कुणाच्या बोटावर हातोडी बसली की काय, म्हणून मुकादम धावत आला. माय पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सुकडीच्या, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायच्या गोड भाजक्या पिठाच्या, रांगेत उभी असताना सायकलवरून एक माणूस आला आणि मुकादमाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. गौतम शेजारच्या गावी विहीर खोल करायच्या कामावर होता. विहिरीची कड ढासळली होती. मुकादम आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला,

"सुभद्राबाईचा गौतम गेला. तिचा भाऊ निघालाय, त्यो सांगंल. तवर कुनी तोंड उघडू नका. हितं माळावर तिला कोन सावरंल?"

माय आली. आपल्या वाट्याच्या सुकडीतली मूठभर तिनं पदराच्या गाठीत बांधली. गौतमसाठी ती रोजच बांधायची. मग हातोडी उचलली. "तर काल कुठं व्हतो आपुन?"

तिनंच धागा धरला. बाई कपात चहा ओतते, तिच्या पाठीमागं खुनी दाराची कडी लावतो... हातोडी हळू पडू लागली. टक्. टक्. आम्ही मान खाली घालून दगड फोडत होतो. शेजारच्या शांताबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

"का गं, आज कुनी वरडंना?"

तिनं पुढचं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. एकेकीच्या तोंडाकडं पाहत गेली. कुणाचीच नजर वर नव्हती. मग तिनं लांब उभ्या असलेल्या मुकादमाकडं पाहिलं. त्यानं पाठ फिरवली.

"गौतम का?" तिनं विचारलं.

ती रडली नाही. हातोडी मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"सुकडीच्या टायमापासनं," शांताबाई कशीबशी म्हणाली.

"आन मला इतका येळ बोलू दिलंत व्हय."

आवाजात राग नव्हता. तो असता तर आम्हाला निदान तिच्या पाया तरी पडता आलं असतं.

मुलाची माती झाल्यावर थोड्याच दिवसांत ती कामावर परत आली. पोटाला दुसरा उपाय नव्हता. पण आता ती लांब, आमच्याकडं पाठ करून बसायची. संध्याकाळी रेडिओ सुरू झाला, की घरात जाऊन दार लावून घ्यायची. त्या विधवेचं पुढं काय झालं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. रस्त्याचं काम संपल्यावर भाऊ तिला ऊसतोडीला घेऊन गेला. ती पुन्हा गावात दिसली नाही.

जायच्या आधीचा एक दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ढासळलेली माती उपसताना त्या विहिरीला खाली झरा लागला होता आणि कामावरचं पाणी बैलगाडीवरच्या टिपाडातून तिथूनच येऊ लागलं होतं. माय सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. दुपारी माय पाण्याला आली. मी तांब्या भरून दिला. तिनं एक घोट घेतला.

"गोड हाय गं. कुठलं?"

बायका पुन्हा खाली पाहू लागल्या. मला ते सोसवलं नाही.

"गौतमच्या हिरीचं, माय," मी म्हणाले.

ती तांब्यातल्या पाण्याकडं पाहत राहिली. थोडं पाणी मातीत सांडलं. मग तिनं तांब्या तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं प्यायली. माळावर दुसरं पाणी नव्हतं.