भाईंचं सांगायचं राहिलं

पाच आठवडे झाले. त्या सोमवारी सकाळी पावणेदहाला लातूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही नेहमीसारखे गोल करून उभे होतो आणि माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. रशीदभाईंना उशीर होणं हीच इतकी नवी गोष्ट होती की पोरं एकमेकांकडं बघून डोळे मिचकावायला लागली. भाईंचे वडील गोलाईच्या बाजाराजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. म्हणून मी म्हणाले, "घड्याळजीच्या पोराचं घड्याळ बंद पडलं वाटतं!" सगळे हसले. तेवढ्यात माझ्या डावीकडच्या नागेशचा फोन वाजला. तो नुसता ऐकत राहिला, मग फोन खिशात ठेवून म्हणाला, "भाई गेले... सकाळी. झटका आला." माझ्या विनोदाचं हसू अजून दोघातिघांच्या तोंडावर तसंच होतं.

ज्यांनी भाईंना पाहिलं नाही त्यांना आधी तो गोल सांगायला हवा. आम्ही कोचिंग क्लासेससाठी सॉफ्टवेअर करतो. प्रवेश, हजेरी, चाचण्या, निकाल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज सकाळी अशी उभ्याउभ्या बैठक बऱ्याच ठिकाणी होते आणि तिथं जो तो आपलं कालचं काम सांगतो. भाईंच्या गोलात आपलं काम सांगायला बंदी होती. आपल्या उजव्या हाताच्या माणसाचं सांगायचं. त्यानं काल काय केलं, कुठं अडला, काय चुकला, ते सगळं. त्यामुळं संध्याकाळी घरी जायच्या आधी शेजाऱ्याजवळ खुर्ची ओढून बसणं आणि त्याचा प्रोग्राम उघडून त्याला छळणं भागच असायचं. सांगता आलं नाही तर बोलणाऱ्याला कुणी काही म्हणत नसे; ज्याचं काम तो सांगू शकला नाही, त्यालाच भाई विचारायचे, "ह्याला का न्हाई सांगितलं?" आम्ही ह्या प्रकाराला 'शेजार' म्हणत होतो. पुण्यात नोकरी करून आलेला एक मुलगा एकदा भाईंना म्हणाला, "सर, ही पद्धत परदेशातली आहे, तिकडं मुद्दाम उभं राहून बैठक घेतात." भाई म्हणाले, "असंल बाबा. आमच्याकडं माणसं पाच अन् खुर्च्या तीन, म्हणून उभं राहिलो."

पण मूळ खुर्च्यांत नव्हतं, भूकंपात होतं. भाई तेव्हा एका टायपिंगच्या क्लासात कॉम्प्युटर शिकवायचे. लातूरची पोरं मिळेल त्या गाडीनं किल्लारीकडं धावली, तसे तेही गेले. जिवंत माणसांच्या याद्या करायचं काम त्यांच्याकडं आलं. त्या दिवसांबद्दल ते सहसा बोलत नसत, फक्त एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. एका गावात पाणी सोडणारा माणूस गेला होता. टाकी शाबूत, टाकीत पाणी, पण वॉल्व्ह कुठं ते कुणाला माहीत नाही. वर घरांचे दगड पडलेले. दोन दिवस पोरं खणत होती. तिसऱ्या दिवशी गोदाबाई नावाची म्हातारी आली आणि काय खणता म्हणून विचारायला लागली. तिचं आणि त्या माणसाचं जन्माचं भांडण. आपल्या आळीला हा पाणी कमी सोडतो असा तिचा संशय, म्हणून ती रोज त्याच्या मागं जाऊन तो चावी कुठं लावतो, किती आटे फिरवतो ते मोजायची. दगडांवरून चालत गेली, लिंबाच्या बुंध्यापासून पावलं मोजली आणि म्हणाली, "हितं खणा." पाणी आलं. "अन् मंग ती बाई रडली," भाई सांगायचे, "तवर रडली नव्हती." आणि पुढं म्हणायचे, "साऱ्या गावाचं पाणी एका माणसाच्या डोक्यात. वाचलं ते भांडकुदळ शेजारणीमुळं. हितं कुणीबी काही एकट्याच्या डोक्यात ठेवायचं न्हाई."

हे मीही पहिल्या दिवशी ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि सोयीनं विसरले होते.

मी अर्धापूरजवळच्या खेड्यातली. वडिलांच्या केळीच्या बागा. चार जणांच्या मुली लातूरला बारावीला जातात तशी मलाही धाडली होती, डॉक्टर व्हायला. डॉक्टरकी काही जमली नाही, कॉम्प्युटर जमला. चार पुरुषांच्या ऑफिसात एकटी मुलगी म्हणून नोकरी धरली तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, "एक तक्रार आली की सामान उचलायचं." तर अशी मी; पण दोन वर्षांत ऑफिसातला सगळ्यात अवघड प्रोग्राम माझ्याकडं आला होता. मुलं उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनं गोल काळे करतात. मशीन त्याचं चित्र घेतं आणि गोल किती काळा असला म्हणजे भरला समजायचा, ते प्रोग्राम ठरवतो. त्या आकड्याला आम्ही 'टक्का' म्हणत होतो. कागद बदलला, पेन्सिली बदलल्या की टक्काही बदलावा लागायचा. आणि तो मी बदलायचे, हातानं, गुपचूप. दर गठ्ठ्यातल्या दहा पत्रिका आधी तपासून. नागेश जळकोटचा, माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा, म्हणजे माझं काम सांगायचा तो. रोज सकाळी तो सांगे, "वैशालीचा प्रोग्राम टक्का आपोआप ठरवतो." आणि मी हो म्हणे. मी वाईट नव्हते, घाबरलेली होते. सगळ्यांना सगळं आलं तर माझी गरज काय उरली?

मग थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी मी पंधरा दिवस आधीच गावी गेले. इकडं एका क्लासची मोठी चाचणी झाली, नवा कागद आला, टक्का जुनाच राहिला. ज्या मुलांचा हात हलका त्यांची बरोबर उत्तरं मशीननं कोरी धरली. त्या निकालावर वर्ग बदलत असत. धर्माबादची एक मुलगी पहिल्या वर्गातून थेट शेवटच्या वर्गात गेली आणि चार दिवसांत तिचे वडील येऊन ट्रंक-वळकटीसकट तिला होस्टेलवरून घरी घेऊन गेले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाई आमच्या अंगणात उभे. खांद्याला पिशवी. वडिलांनी त्यांना जेवायला बसवलं आणि विचारलंच, "काय भाईसाब, पोरीनं काही गडबड केली काय?"

"न्हाई काका," भाई पोळी मोडत म्हणाले, "पोरीशिवाय आमचं काम अडून राहिलं."

वडिलांची छाती फुगली. मला मात्र ताटातला लाडू दिसेना. 'तुझ्याशिवाय अडलं' ह्याच्याइतका कडक शब्द भाईंच्या तोंडी दुसरा नव्हता, हे मी जाणून होते. बागेच्या वाटेवर मी सगळं कबूल केलं. ते रागावतील म्हणून वाट बघत होते. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "टक्का किती ठेवायचा, ते कसं ठरवतेस?" मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मग म्हणाले, "चल, धर्माबादला जाऊ."

मुलीचे वडील मोंढ्यात, मिरचीच्या बाजारात, हमाल होते. मिरचीनं भरलेलं अंग तसंच घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "आता कशाला आले? आम्ही स्थळ बघून राहिलो." भाईंनी पिशवीतून तिची उत्तरपत्रिका काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. फिके, पण नीट भरलेले गोल... एकामागून एक. "दादा, पोरीचा हात हलका हाय. आमची मशीन आंधळी निघाली. चूक माझी हाय."

"मशीन आंधळी, मंग माणसं काय करून राहिली होती?"

"झोपलो होतो," भाई म्हणाले.

मुलीनं पत्रिका हातात घेतली आणि तिथंच भिंतीला टेकून आपले गोल मोजायला बसली. भाई तिथं तीन तास बसून होते. ते विनवत नव्हते आणि क्लासची थोरवीही गात नव्हते. वडिलांना जे बोलायचं ते बोलू दिलं. शेवटी मुलीचे वडील म्हणाले, "परवा आणून सोडतो." आणि सोडलं.

लातूरला परतताना गाडीत भाईंनी मला सांगितलं, "उद्या गोलात माझं काम सांगशील तवा सांग, टक्का भाईनं हातानं ठेवला अन् चुकवला."

"पण भाई..."

"चूक कशी झाली ते सगळ्यांला कळलं पाहिजे. कुणाची, ते न कळून कुणाचं काम अडत न्हाई. तुझ्या वडलांच्या कानावर गेलं तर मातर तुझं अडंल."

दुसऱ्या दिवशी मी खणखणीत आवाजात ते सांगितलं. महिन्याभरात नागेशनं आणि मी बसून टक्का खरोखरच आपोआप ठरेल असं केलं. आणि ती गोष्ट आमच्या ऑफिसचा पहिला धडा होऊन बसली. नव्या पोरांना भाई गोदाबाई सांगत आणि मी टक्का सांगे, 'बघा, भाईसुद्धा चुकले होते.' भाई शेजारी उभे राहून हसत. अशी अठरा वर्षं गेली.

ह्या वर्षांत लातूरला एका क्लासच्या पाटीवर दुसऱ्या क्लासची पाटी चढली, आमची पाच माणसांची पंचेचाळीस झाली. शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला जात. लोक भाईंना म्हणत, सगळं शिकवून पाठवता, तुमच्याकडं काय उरतं? भाई म्हणत, "विहीर उपसली न्हाई तर नासती." मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण आपण नकोसे होऊ ह्याची ज्याला जराही भीती नाही, असा माणूस मी एकच पाहिला. त्यांच्या शेजारी उभं राहून मला रोज आश्चर्य वाटायचं आणि रोज थोडी लाजही वाटायची.

गेलं वर्षभर ते मला प्रत्येक क्लासात बरोबर नेत. बोलायला मलाच लावत, आपण कोपऱ्यात बसत. "भाई, आळशी झालात," असं मी चिडवायचे. हृदयाचं दुखणं फक्त त्यांच्या बायकोला, भाभींना, ठाऊक होतं.

ते गेले त्याच आठवड्यात गुरुवारी मोठा निकाल होता. सगळ्यांना धसका बसला होता. काही अडलं नाही. प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक जुन्या प्रोग्रामची खोड, कोणत्या क्लासचे सर फोनवर तापतात आणि कोणते चिठ्ठी पाठवून तापतात, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात होतं. निकाल वेळेवर लागला. मी जिन्यात जाऊन रडले, आणि खरं सांगायचं तर रागानं रडले. एवढा माणूस गेला, काहीतरी अडायला हवं होतं हो! गोलात माझी पाळी आली की मी म्हणत होते, "भाईंचं राहू द्या." पाच आठवडे असंच चाललं.

गेल्या शुक्रवारी भाभींकडं गेले. चहा ठेवता ठेवता त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, नागेशच्या मुलीचे पाढे पाठ झाले का विचारलं. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "रोज जेवताना तुमचंच सांगत होते की. वैशालीनं हे केलं, नागेशनं ते केलं. सोताचं कधी बोलले न्हाई."

मी भीत भीत विचारलं, "धर्माबादचं कधी सांगितलं होतं?"

"हाव. बोलले, माझ्या चुकीनं एका पोरीचं शिक्षण सुटत होतं. लई दिवस जेवण गेलं न्हाई त्यांना."

घरीसुद्धा! ज्या माणसानं जन्मभर एकट्याच्या डोक्यात काही ठेवलं नाही, त्यानं ही एक गोष्ट ठेवली होती. माझी. आणि आता ती एकट्या माझ्याच डोक्यात उरली होती...

ह्या सोमवारी पावणेदहाला गोल झाला. उजवीकडची जागा कुणी घेत नाही. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "भाईंचं सांगते. कालचं नाही, जुनं राहिलंय. टक्का भाईंनी चुकवला नव्हता. मी लपवून ठेवला होता. भाईंनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला." माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्याकडं बघत होती. मला मान वर करवेना.

माझ्यानंतर नागेशची पाळी. तो जरा खाकरला. "वैशालीचं सांगतो," तो म्हणाला. "ती गावी गेली तवा प्रोग्राम मीच उघडला होता. टक्का हातानं टाकलेला दिसला, भाईंना मीच दाखवला. तिनं गोलात भाईंचं नाव घेतलं तवा लई तापलो होतो. भाई म्हणले, गप ऱ्हा, कवातरी तिचं ती सांगंल." मग माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "आम्ही दोघं वाट बघून राहिलो होतो."

आणि त्यानं गोलाला माझं शनिवारचं काम सांगायला सुरुवात केली.