आत्याच्या हातातल्या तीन राण्या

पत्ते खेळायला माझ्या आत्याइतकं नालायक माणूस कल्याणपासून बदलापूरपर्यंत झालं नसेल, आणि तिला पोकर शिकवायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आत्याचे यजमान नोकरीसाठी दुबईला, मूलबाळ नाही, आणि उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या मजल्यावर ती एकटीच मराठी. शेजारच्या तिघी सिंधी बायका रोज दुपारी गॅलरीत पोकर खेळत. "तेवढं खेळता आलं तर दुपार तरी सरेल रे," ती म्हणाली. मी अंबरनाथच्या कारखान्यात, कॅन्टीनमध्ये, हा खेळ शिकलो होतो.

मी पद्धतशीर माणूस. पैशांऐवजी डब्यातले वाल घेतले. पाच पानं वाटायची, नको ती टाकून बदली घ्यायची, जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखी पानं मोठी, असं क्रमानं सांगितलं. क्रम तिला लगेच आला. पानं टाकणं मात्र जमेना. एकटीदुकटी राणी आली तरी धरून बसायची. "भर दुपारी बाईमाणसाला घराबाहेर काढू?" गुलामांना मात्र बिनदिक्कत हाकलायची. हातात काही नसताना भरपूर वाल लावून समोरच्याला घाबरवायचं, हेही शिकवलं. तिनं मूठभर वाल पुढे केले आणि म्हणाली, "घाबर. पण माझ्याकडे काही नाहीये हं."

पहिल्या दिवशी वालांचा डबा घेऊन मी धास्तीनं बरोबर गेलो. खेळ बिघडवला तर त्या पुन्हा बोलावणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि तिला चक्क तीन राण्या आल्या! समोरच्या बाईनं वालांचा ढीग सरकवला, बाकीच्या दोघींनी पानं टाकली. आता आत्यानं तेवढेच वाल लावून पानं उघडायची, बस. तर ही वाकून विचारते, "सच बताव, तुम्हारे पास क्या है?"

असं त्या खेळात कधी कुणी विचारलंच नसावं. ती बाई गडबडून म्हणाली, "कुछ नहीं है, दादी." सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात.

"फिर इतना वाल कायको लगाया? लो वापस."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिघी हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. "सारा खेल बिगाड़ दिया," त्यांतली वयस्कर बाई डोळे पुसत म्हणाली. "कल जल्दी आना."

पुढे कित्येक वर्षं आत्या रोज गेली आणि रोज हरली. यजमान कायमचे परतल्यावर दोघं बदलापूरला नव्या घरात राहायला गेली. मी भेटायला गेलो की ती पत्ते काढायची. खेळायला आम्ही दोघंच, तरी पानं पाच जणांची वाटायची. एकदा न राहवून मी त्यातली एका वाट्याची पानं उचलायला गेलो, तर हातावर चापट बसली.

"राहू दे पालथी. त्या आल्या की बघतील त्यांची त्या."