किल्लीवर धावलेला पाय

डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा बूट उलटा करून टेबलावर आपटला, तेव्हा आतल्या गादीसकट आमच्या फराळाच्या कपाटाची किल्ली बाहेर पडली. शेजारच्या खुर्चीवर बायको होती.

"काहून जी," ती म्हणाली, "ही इथं काय करून राहिली?"

डॉक्टरीणबाई मराठी घरातल्या, पण बोलायच्या हिंदी. "अंकल, आप इसी पर दौड़ रहे थे?"

"पंधरा-वीस दिवस," मी भिंतीवरच्या तक्त्याला सांगितलं.

अंगठ्याखाली आठ आण्याच्या नाण्याएवढी जखम होती. त्यांनी तीत बारीक सळई घातली. सळई हाडाला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. जाणवलं काहीच नाही.

"डायबेटिक न्यूरोपॅथी," त्या म्हणाल्या. म्हणजे साखरेने पायाच्या नसा मारून टाकलेल्या. पाय चालतो, पण मालकाला काही कळवत नाही.

साखर मला सहा वर्षांपासून. वर्षापूर्वी वजन अठ्ठ्याण्णव किलो. मागच्या डॉक्टरांनी "चाला" म्हटलं होतं; मी ते "धावा" असं ऐकलं, कारण चालण्याने कोणी कौतुक करत नाही. पहाटे स्कूटरने नवा रायपूर गाठायचो. तिथले रस्ते रुंद आणि हसणारे कमी. घरी कोदोचा, म्हणजे भरड धान्याचा, भात आणि उकडलेला दुधी. चिवडा, करंज्या आणि बेसनाची ठेठरी बायकोने कपाटात कोंडून कुलूप लावलं. मी दोनांतली एक किल्ली पळवली. घरातल्या प्रत्येक कोपऱ्यात तिचा हात फिरतो, फक्त माझ्या घामट बुटात फिरत नाही. म्हणून किल्ली बुटाच्या गादीखाली. दुपारी ती शाळेत शिकवायला गेली की काढायची, खायचं, परत ठेवायची. ती किल्ली शोधत होती तेव्हा मीही पलंगाखाली वाकून शोधल्यासारखं केलं.

सकाळी त्याच बुटात धावायचो. टोचत नव्हतं, म्हणून बूट फार मऊ निघाला असं शेजाऱ्यांना सांगत होतो. दोघांनी तसलाच घेतला.

मोज्याला रक्ताचा डाग दिसला तो तिलाच, कपडे भिजवताना; तिनेच मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यानंतर एक्स-रे. मग एमआरआय, म्हणजे ढोल बडवणाऱ्या बोगद्यात झोपणं. मग डॉप्लर, म्हणजे पायात रक्त पोचतं का ते पाहणं. वेटिंग रूममध्ये तीन दिवस एकाच खुर्चीवर बसलो. समोर स्ट्रेचरवर एक काका होते, गुडघ्याखाली चादर सपाट. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. ते मात्र माझ्या पट्टीकडे बघून विचारायचे, "अभी अंगूठा ही है न?"

रिपोर्ट आला. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाड सडायला लागलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज अंगूठा देंगे तो पैर शायद बच जाएगा. अगले हफ्ते मैं घुटने की बात करूंगी."

मी विचारलं, "परत धावता येईल?"

"पहले खड़े होइए."

अंगठा गेला. चौथ्या दिवशी नर्सने वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी. वर्षभरात दहा किलो. मी बायकोला अभिमानाने सांगितलं.

"अंगठ्याचं धरून का सोडून?" ती म्हणाली.

त्या दिवसानंतर कपाटाला कुलूप नाही. आत काही नसतंच.

तुम्हालाही साखर असेल तर एवढं करा. बूट घालण्याआधी आत हात घाला. रोज तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. मी तसा खूश होतो. धावायच्या आधी पाय तपासून घ्या, आणि चोरून खायचंच असेल तर निदान किल्ली बुटात लपवू नका. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. त्यांनी घोटा वाचवला. बायकोचे आभार मानायला गेलो तर ती म्हणते, "राहू द्या जी, मले शाळेले उशीर होते."

पण जायच्या आधी ती रोज माझा पाय मांडीवर घेते. मला डोळे मिटायला लावते आणि एकेका बोटाला हात लावून विचारते, कोणतं. मी अंदाजाने सांगतो. कधी बरोबर येतं. तेव्हा तिचा श्वास सुटलेला ऐकू येतो.

काल मी म्हणालो, "करंगळी."



"अजून हातच नाही लावला जी मी," ती म्हणाली.