चंद्र सरकला, यान जागेवरच!

मंडळी, आज संध्याकाळी उंद्रीच्या स्टँडवर बाहेरगावच्या एका माणसानं दुर्बीण लावली होती. "चंद्रावर उतरलेलं आपलं यान पाहा," म्हणे.

रांगेतल्या सगळ्याईले दिसलं. मले दिसला एक काळा ठिपका.

मले संशय आला, म्हणून मी डोळा हटवलाच नाही. चंद्र हळूहळू सरकत दुर्बिणीतून पार बाहेर गेला. ठिपका मात्र तिथंच!

सोबत आमचे मोठे काका होते. त्याईले म्हटलं, "काका, हा तर काचेवरचा कचरा आहे."

काका भडकले. "देशाच्या यानाले कचरा म्हनतं काय बे?"

सारी रांग माझ्याकडं पाहून राह्यली होती.

मी म्हटलं, "हाव, दिसलं."

घरी आल्यापासून एकच संशय येऊन राह्यला. माझ्याआधी ज्याईले दिसलं, त्याईलेही असंच दिसलं काय?